मदत हवी आहे: 'द बिल' कुठून कुठपर्यंत बघू?

मंडळी, 'द बिल' बघतेय, लंडनच्या सन हिल या काल्पनिक पोलीस ठाण्याची १९८४ ते २०१० चाललेली ब्रिटिश सिरीयल. सुरुवातीचे तासाभराचे एपिसोड संपवले, १९८८ पासूनचे अर्ध्या तासाचेही बरेच बघून झाले आणि अक्षरशः प्रेमात पडले. सगळं पोलिसांच्याच नजरेतून, त्यांच्या घरात कॅमेरा फारसा शिरतच नाही, आणि शेवटी गस्तीवर चाललेली ती दोघांची पावलं, बस्स. मग घाई करून २००२ वर उडी मारली, ठाण्याला आग, सहा पोलीस एकदम गेले आणि पुढे नुसती लफडी नि रडारड, जीव तुटला हो. महिनाभर नेटाने बघितलं, नाही जमलं.

एकूण एपिसोड दोन हजारांच्या वर, माझा रोज एकच होतो, त्यामुळे सगळे बघणं शक्यच नाही. भाषेची अडचण नाही, सबटायटल लावते. पुढे कोण मरतं ते प्लीज सांगू नका. एवढंच सांगा, १९९८ ला एपिसोड परत तासाभराचे झाले तिथपासून आगीपर्यंतचा भाग जुन्या वळणाचा आहे का, की १९९८ लाच थांबून थेट २००९ चा रात्री नऊचा, आठवड्यातून एकदाचा अवतार धरू?