शब्दचर्चा : ‘दिस्पेन्सातिओ’ला मराठीत काय म्हणावं?

चैत्रपालवी :
मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या कायद्यावरच्या एका लेखाचं मराठी करते आहे आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. लेखाचा नायक आहे फ्रान्समधल्या शार्त्रचा बिशप ईव. जन्म साधारण 1040चा, 1090 ते 1115 बिशपपदावर. त्याआधी बरीच वर्षं तो बोव्हे इथल्या सें-कांतां मठाचा प्रमुख होता. परिषदांचे ठराव, पोपांची पत्रं, जुन्या धर्मपित्यांची वचनं असं कित्येक शतकांचं साहित्य त्याने एकत्र केलं. त्याचा ‘डेक्रेटम’ हा संग्रह 17 भागांचा आहे. अडचण अशी, की हे नियम एकमेकांना छेद देतात. एका जागी मनाई, दुसऱ्या जागी परवानगी. मग वाचणाऱ्याने काय करायचं? त्यासाठी त्याने एक प्रस्तावना लिहिली, आणि ती संग्रहाइतकीच गाजली. तिचं सार असं : काही नियम अचल असतात, ते देवाचे, तिथे तडजोड नाही. काही चल असतात, शिस्तीसाठी किंवा सोयीसाठी केलेले. या चल नियमांच्या बाबतीत अधिकारी व्यक्ती ‘दिस्पेन्सातिओ’ (इंग्रजीत ‘डिस्पेन्सेशन’) देऊ शकते, म्हणजे नियम एखाद्यापुरता शिथिल करू शकते, मात्र बदल्यात काहीतरी प्रामाणिक किंवा उपयोगी पदरात पडलं पाहिजे.

मी ‘सूट’ लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘आपद्धर्म’ केलं. मला दोन्ही पटत नाहीत. काय करावं?

गोदातीर :
संपादकांचं बरोबर आहे. ‘सूट’ दुकानात मिळते. आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षांचा तयार शब्द असताना तो टाकून द्यायचं कारण काय? शांतिपर्वात आपद्धर्माचं अख्खं उपपर्व आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचं मांस घेतो, ती कथा तिथलीच. नियम आहे, पण प्रसंग नियमापेक्षा मोठा आहे. तुमचा बिशप याहून वेगळं काय सांगतोय?

बावखल :
वेगळंच सांगतोय. विश्वामित्राला कुणी परवानगी दिली नव्हती. चांडाळ उलट त्याला परावृत्त करत होता. त्याने स्वतःच ठरवलं. आपद्धर्म माणूस स्वतः पत्करतो. डिस्पेन्सेशन मागावं लागतं, ते दुसरा देतो, आणि नाकारण्याचाही त्याला अधिकार असतो.

आमच्या वसईत हा शब्द पुस्तकातला नाही. मुलीचं लग्न हिंदू मुलाशी ठरलं की फादर पहिल्यांदा हेच सांगतात, ‘डिस्पेन्सेशन घ्यावं लागेल.’ अर्ज बिशपांकडे जातो. आणि गंमत नाही, खरंच सांगते, मुलगा प्रॉटेस्टंट असेल तर डिस्पेन्सेशन लागत नाही, नुसती परवानगी पुरते. म्हणजे ‘परवानगी’ हा पर्यायही बाद, कारण कॅथलिक चर्चच्या 1983च्या कायदेसंहितेत त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माझी आजी मात्र दोन्हीला ‘बिशपची चिठ्ठी’ म्हणायची.

गोदातीर :
‘चिठ्ठी’ घरगुती बोलण्यात ठीक. ग्रंथात नाही चालणार.

बावखल :
ग्रंथातल्या मराठीवर आजीचा हक्क नाही का? वसईचे ख्रिस्ती पिढ्यानपिढ्या मराठीतच प्रार्थना करतात. धर्मग्राम, धर्मप्रांत, ख्रिस्तसभा हे शब्द आम्ही रोज वापरतो, आणि ते कोशवाल्यांनी आम्हाला आणून दिलेले नाहीत. ‘कॅनन लॉ’साठी, म्हणजे चर्चच्या कायद्यासाठी, कुणी ‘धर्मशास्त्र’ सुचवण्याआधीच सांगते, पुष्कळ मराठी ख्रिश्चनांच्या घरात ‘पवित्र शास्त्र’ म्हणजे बायबल. गोंधळ होईल.

मोडीवाचक :
‘कॅनन लॉ’चा विषय निघाला आहे म्हणून. मूळ ग्रीक शब्द ‘कानोन’, म्हणजे सरळ काठी, मोजपट्टी, त्यावरून नियम. तो अरबीत गेला आणि ‘कानून’ झाला. तिथून आपल्याकडे. शिवकाल-पेशवाईच्या कागदांत ‘कानू’, ‘कानूजाबता’ जागोजाग भेटतात. ‘कानगो’ हे आडनावही त्याच कुळातलं. तेव्हा परका शब्द नकोच असेल तर थेट ‘ख्रिस्ती कानू’ म्हणा. हा शब्द ग्रीसहून एका वाटेने शार्त्रला पोचला आणि दुसऱ्या वाटेने रायगडावर.

गोदातीर :
‘कानू’ अरबी आहे हे तुम्हीच सांगताय, आणि वर ‘परका नको असेल तर’!

मोडीवाचक :
‘कायदा’ही अरबीच आहे. ‘माफी’, ‘सवलत’, ‘मुभा’ हेही. भाषाशुद्धीवाल्यांनी कायद्याला ‘निर्बंध’ सुचवला. आज ‘निर्बंध’ म्हटलं की लोकांना टाळेबंदी आठवते. शब्द लोकांनी जिथे ठेवला तिथे राहतो.

आणि ‘मुभा’वर जरा थांबा. तो ‘मुबाह’वरून आला. इस्लामी धर्मशास्त्रात मुबाह म्हणजे ज्याची ना सक्ती ना बंदी. म्हणजे मुभा असेल तिथे मुळात बंदीच नाही. चैत्रपालवीताईंना हवंय ते उलट : बंदी आहे, ती तशीच राहणार आहे, फक्त या एका माणसापुरती, या एका वेळेपुरती ती सैल केली आहे.

चैत्रपालवी :
अगदी हेच! ‘माफी’ही त्यामुळेच अडते. माफी चूक झाल्यावर असते, हे आधी मिळतं. ‘नियम शिथिल करणे’ हे सरकारी मराठी अर्थाच्या जवळ जातं, पण नाम काय करायचं? ‘शिथिलता’ म्हटलं की ढिलाई वाटते, आणि ईव ढिला माणूस नव्हता.

1092ची गोष्ट सांगते. फ्रान्सचा राजा फिलिप पहिला याने राणी बेर्थाला टाकलं आणि आंझूच्या काउंटची बायको बेर्त्राद हिच्याशी लग्न करायचं ठरवलं. बिशपांना आमंत्रणं गेली. बरेचसे गप्प राहिले. ईवने राजाला लिहून कळवलं, की परिषदेने हा काडीमोड वैध ठरवल्याशिवाय मी येणार नाही. लोकांच्या अधःपाताला कारण होण्यापेक्षा गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडालेलं बरं. राजाने ईवचा जमीनजुमला लुटू दिला, आणि ल प्युइझेचा सरदार ह्यूग याने ईवला कैदेत टाकलं. शार्त्रची माणसं सोडवायला शस्त्रं घेऊन निघणार, तर याने तुरुंगातून त्यांनाच पत्र धाडलं : माझ्यासाठी लढू नका, घरं जाळून आणि गरिबांना लुटून देव प्रसन्न होत नाही. ज्याने सगळ्या चर्चला डिस्पेन्सेशनचा विचार शिकवला, त्याने ते राजाला दिलं नाही. कारण हा नियम त्याच्या लेखी अचल होता.

पल्याड :
फ्रान्समध्ये राहतो, म्हणून दोन गोष्टी. एक, उच्चार ईवच, ‘इव्हो’ हे लॅटिन-इंग्रजी वळण आहे, मराठीत ते कशाला? दोन, इथे ‘वकिलांचा संत ईव’ म्हणून ज्याचं नाव घेतात तो हा नाही. तो ब्रिटनीतला, केरमार्तांचा ईव, 1253 ते 1303. तोही चर्चचाच न्यायाधीश, त्यामुळे मिसळ होते. लेखात एक ओळ जरूर टाका. शार्त्रचं आजचं कॅथेड्रलही या ईवने पाहिलेलं नाही. ते 1194च्या आगीनंतरचं.

उंबरठा :
‘जात्याची तळी’वर विचारायचं होतं. मराठी बायबलात तशीच आहे, पण लॅटिनमध्ये ‘मोला आसिनारिया’, म्हणजे गाढवाने फिरवायचं जातं. आमच्याकडे सोलापूरकडे हातजात्याच्या खालच्या दगडाला तळी म्हणत. तो एकटी बाई उचलून ठेवायची. गाढवाच्या जात्याचा दगड हा माणसाला हलवताही यायचा नाही. भाषांतरात वजनच गेलं.

मोडीवाचक :
वजन गेलं खरं, पण ‘मोठी’ हे विशेषण त्यासाठीच घातलं असणार : ‘जात्याची मोठी तळी’.

गोदातीर :
मूळ मुद्द्याकडे येतो. अधिकाऱ्याने द्यायची गोष्ट आहे हे मान्य. पण मग आपल्याकडे धर्मशास्त्राचे निबंधकार काय करत होते? ईवच्याच काळात, चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत विज्ञानेश्वर ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहीत होता. परस्परविरोधी स्मृतिवचनांचा मेळ घालणं हेच त्याचंही काम. सापिंड्य, म्हणजे लग्नाला आड येणारं रक्ताचं नातं, बापाकडून सात पिढ्या, आईकडून पाच. तुमच्या चर्चमध्येही तेव्हा लग्नाला सात पिढ्यांचं नातं आड येत होतं ना?

चैत्रपालवी :
हो, सातच. आणि ईव वंशावळी मांडून लग्नं थांबवायचा. इंग्लंडच्या राजा हेन्रीच्या मुलीच्या एका स्थळावरही त्याने नात्याच्या मुद्द्यावर पत्राने आक्षेप कळवला. पण मिताक्षरेत विरोधाचा निकाल मीमांसेने लागतो, वचनाचा अर्थ लावून. ईवकडे निम्मा निकाल माणूस पाहून लागतो. तो वैद्याची उपमा देतो : कधी औषध जहाल, कधी सौम्य, हेतू बरं करण्याचाच.

कोठीघर :
वैद्याचं बरोबर जुळतं, कारण डिस्पेन्सरी हा त्याच मुळातला शब्द. लॅटिनमध्ये मूळ अर्थ तोलून देणे. ‘दिस्पेन्सातोर’ म्हणजे घरातल्या माणसांना शिधा तोलून देणारा कारभारी. ग्रीक ‘ओइकोनोमिया’चं, म्हणजे घरकारभाराचं, लॅटिन भाषांतर याच शब्दाने झालं, आणि पूर्वेकडची चर्च आजही या सवलतीला ‘इकोनोमिया’च म्हणतात. आपल्याकडे हा माणूस म्हणजे कोठावळा. आजाऱ्याला पेज, राबणाऱ्याला भाकरी, हे ठरवणारा. शब्द त्या अंगाने शोधा. ‘तारतम्य’ का नको? तर-तम पाहून देणे.

बावखल :
तारतम्य हा गुण झाला. अर्जावर ‘तारतम्य मिळावे, ही विनंती’ असं कोण लिहील?

उंबरठा :
कोठावळा आमच्या बाजूला ऐकलेला नाही. वाड्यावर ‘कोठीवाला’ म्हणत.

कोठीघर :
कोठीवाला वेगळा. तो अडत-सावकारीचा धंदा करणारा. कोठावळा चाकरीतला, मालकाच्या धान्याचा हिशेब देणारा. कोठावळे आडनाव आहे की.

मोडीवाचक :
देवस्थानांच्या हिशेबांत ‘कोठी’ खात्याखाली रोजचा शिधा लिहिलेला असतो. कुणाकडे अशी वही असेल तर पाहा : देणाऱ्याच्या हुद्द्यापुढे काय लिहिलंय, कोठावळा की कोठीवाला?