२०११ ची झेड४ रोज चालवतो: फुल इन्शुरन्स कसा आणि किती आयडीव्हीवर काढावा?

उघडं_छत (प्रश्न)

पुणे, एमएच-१२ पासिंग. बीएमडब्ल्यू झेड४ (ई८९) एसड्राइव्ह३५आय, २०११, २९७९ सीसी, पेट्रोल. कोथरूड ते हिंजवडी रोज, दिवसाला साधारण ३५ किमी. एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) ५० टक्के. पॉलिसी संपायला २२ दिवस आहेत.

ऑनलाइन गाडीचं वर्ष टाकलं की बहुतेक ठिकाणी फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) दिसतं. एका ठिकाणी फुल मिळतोय, पण आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) साडेसहा लाख. या हालतीतली गाडी आज १३-१४ लाखांच्या खाली मिळत नाही. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) कोणीच देत नाही.

१) आयडीव्ही वाढवून मिळते का? २) क्लासिक किंवा व्हिंटेज म्हणून काढता येईल का? ३) ईसीयू रिमॅप (इंजिनच्या संगणकाचं सेटिंग बदलणं) केलेला आहे, तो सांगावा का? ४) की सरळ थर्ड पार्टीवर चालवावी?

पॉलिसीवाला

आधी दुसरा प्रश्न निकालात काढू. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी गाडी. तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. तुमची गाडी १५ वर्षांची आणि रोज ऑफिसला जाणारी, त्यामुळे तो रस्ता बंद.

आयडीव्ही मात्र नक्की वाढते. घसाऱ्याचा ठरलेला तक्ता (सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, चार ते पाच वर्षांना ५० टक्के) पाच वर्षांपर्यंतच लागतो. त्यापुढच्या गाडीची आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. वेबसाइट साडेसहा लाख दाखवते कारण तिथे बोलायला माणूस नाही. म्हणून एजंटमार्फत किंवा थेट शाखेत जा. सरकारी चारही कंपन्यांच्या विभागीय कार्यालयांत असे प्रस्ताव वरच्या अंडररायटरकडे (विमा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) पाठवतात. मंजुरीला आठवडाभर सहज जातो, त्यामुळे २२ दिवसांतले पहिले चार-पाच दिवस वाया घालवू नका.

सोबत न्यायचं: परवानाधारक मूल्यांकनकाराचा रिपोर्ट, याच मॉडेलच्या विक्रीच्या तीन-चार ताज्या जाहिराती (वर्ष आणि किमी दिसतील अशा), सर्व्हिसची बिलं आणि फोटो. फोटोंत चासी नंबर, ओडोमीटर, चारही टायर, इंजिन बे आणि छत उघडं व बंद, दोन्ही स्थितीत.

आता हिशोब. २९७९ सीसी, पुणे 'झोन ए', दहा वर्षांवरची गाडी: जुन्या टॅरिफप्रमाणे (ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे) ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, दर साडेतीन टक्क्यांच्या थोडा वर. सोयीसाठी ३.५ धरू. एक लाख आयडीव्हीला ३,५०० रुपये, ५० टक्के एनसीबी गेला की १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,०६५. कंपनीची सूट मिळाली तर याहून कमी. आयडीव्ही साडेसहावरून तेरा लाखांवर नेली तर या दराने वर्षाला साडेतेरा हजारांच्या आसपास वाढतात. १,५०० सीसीवरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ अधिक जीएसटी. तो आयडीव्हीवर अवलंबून नाही.

एक दिवसही खंड पडू देऊ नका. पडलाच तर गाडीची तपासणी होईपर्यंत ओन डॅमेज मिळत नाही. ९० दिवस उलटले की तुमचा ५० टक्के एनसीबी शून्य.

अंदाजपत्रक

आयडीव्ही वाढवण्याचं खरं कारण हप्त्यात नाही, टोटल लॉसमध्ये आहे. पॉलिसीच्या अटी लावून येणारा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त न करता पूर्ण गेलेली धरतात. साडेसहा लाखांवर ही रेषा ४,८७,५०० ला येते. या गाडीत दोन एअरबॅग, डॅशबोर्ड, बॉनेट, हेडलॅम्प आणि रेडिएटरचा संच एका समोरच्या धडकेत गेला तर त्या रेषेला सहज हात लागतो. मग दुरुस्त होण्याजोगी गाडी साडेसहा लाखांवर हातातून जाते. आयडीव्ही तेरा लाख असेल तर रेषा ९,७५,००० ला. शिवाय टोटल लॉसमध्ये वर्षभर तीच आयडीव्ही धरतात, पुन्हा घसारा नाही.

झिरो डेप नसताना किरकोळ क्लेमचं काय होतं तेही आधीच समजून घ्या. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर आणि एअरबॅगवरही ५०. फायबरग्लासवर ३०. काचेवर शून्य, मजुरीवर शून्य. रंगाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग माल धरतात आणि त्यातला निम्मा कापतात.

समजा तीन लाखांचं बिल (जीएसटी बाजूला ठेवून): धातू १,२०,०००, प्लास्टिक ९०,०००, काच २०,०००, मजुरी ४०,०००, रंग ३०,०००. मिळणार ६०,००० + ४५,००० + २०,००० + ४०,००० + २६,२५०, म्हणजे १,९१,२५०. १,५०० सीसीवरच्या गाडीचं सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम) २,००० गेली की १,८९,२५०. पदरचे १,१०,७५०. स्वेच्छा वजावट घेतली असेल तर तीही यातूनच जाते, म्हणून ती घेऊ नका.

यातून एक कामाची गोष्ट: दहा वर्षांनंतर धातू आणि प्लास्टिक दोन्ही निम्मेच, तेव्हा बंपर कशाचा यावर सर्व्हेअरशी (नुकसान तपासणाऱ्याशी) वाद घालण्यात अर्थ नाही. लक्ष द्यायचं काच आणि मजुरीवर. वर्कशॉपला सांगून एस्टिमेटमध्ये मजुरी भागागणिक वेगळी लिहून घ्या. ई८९ चं छत दोन तुकड्यांचं अॅल्युमिनियमचं आहे, पण मागची काच काचच आहे. 'रूफ असेंब्ली' म्हणून एकच रक्कम लिहिली तर काचही निम्म्यावर जाते.

पाना_नंबर_दहा

रिमॅप लेखी कळवा, प्रस्ताव अर्जातच. न कळवलेला बदल सापडला की कंपनीला ओन डॅमेज क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. कंपनीने नकार दिला तर मूळ फाइल परत घालून घ्या आणि वर्कशॉपकडून तसं लेखी घ्या. मोठा एक्झॉस्ट, बदललेले रिम यांनाही हाच नियम.

पॉलिसीत काय येत नाही हेही पाहा. छत अर्ध्यात अडकणं, डिकीच्या बिजागरीतून जाणाऱ्या वायरी तुटणं, हायड्रॉलिक गळती: हा यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, विम्याबाहेर. या गाडीच्या एन५४ इंजिनचा हाय प्रेशर फ्युएल पंप आणि इलेक्ट्रिक वॉटर पंपही तसेच. यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा.

टायर एकटा फुटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीलाही इजा झाली असेल तरच टायरचे निम्मे. रन-फ्लॅट आहेत, स्टेपनी नाही, आणि टायरची बाजू आखूड आणि कडक असल्यामुळे खड्ड्यात रिमही वाकतो. म्हणून रोडसाइड असिस्टन्स घ्या, पण त्यात फ्लॅटबेड (गाडी पूर्ण वर ठेवून नेणारा ट्रक) आहे का ते विचारून.

पावसाळ्यात गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. पुरामुळे झालेलं नुकसान मूळ पॉलिसीत येतं. पण सिलिंडरमध्ये पाणी असताना क्रँक केलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर तो परिणामी तोटा ठरवून क्लेम नाकारतात. इंजिन प्रोटेक्ट (अशा इंजिन नुकसानीचं जादा कव्हर) या वयाच्या गाडीला बहुधा मिळणार नाही. विचारून मात्र बघा.

उघडं_छत

मनापासून आभार. मूल्यांकनकाराची वेळ आजच घेतो. आरसी पुढच्या महिन्यात संपतेय, त्याचा विम्याशी संबंध येतो का?

पॉलिसीवाला

थेट येतो, आणि हे अजिबात टाळू नका. नोंदणी वैध नसताना गाडी रस्त्यावर आणली तर तो पॉलिसीच्या मूळ अटीचा भंग ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ आणि २०२१ मध्ये म्हटलंय. २०२१ चा निकाल तर चोरीच्या क्लेमचा होता. म्हणजे १३ लाखांची आयडीव्ही कागदावर असूनही हाती काही येणार नाही.

मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत फॉर्म २५ (नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज) भरता येतो, तुम्ही त्या खिडकीत आहात. आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. तपासणीच्या दिवशी विमा आणि पीयूसी चालू हवेत. म्हणजे पॉलिसी आधी, आरटीओ नंतर. नवी आरसी आली की तिची प्रत विमा कंपनीला ईमेलने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

थर्ड पार्टीवर चालवू नका. चोरी किंवा टोटल लॉस झाला तर पूर्ण किंमत तुमच्या अंगावर येते. तेरा लाखांवर ओन डॅमेज वरच्या हिशोबाने वर्षाला २६-२७ हजारांच्या आसपास बसतोय.

अंदाजपत्रक

एक भर. 'पे अॅज यू ड्राइव्ह' (ठरावीक किमीपुरता विमा) स्वस्त दिसेल, पण ३५ किमी रोज म्हणजे नुसत्या ऑफिसचे वर्षाला आठ-नऊ हजार किमी. ५,००० चा स्लॅब घेतला तर सातेक महिन्यांत संपतो. घ्यायचाच तर १०,००० च्या वरचा घ्या आणि स्लॅब ओलांडल्यावर ओन डॅमेज चालू राहतो का, हे पॉलिसीच्या मजकुरात वाचून घ्या.