विंडोज ७, पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट: आता पुढे काय टाकावं? मदत हवी आहे

पत्रिकावाली:

नमस्कार मंडळी,

सांगलीत गणपती पेठेत आमचा छोटा छापखाना आहे. एक सिंगल कलर ऑफसेट, एक कटिंग मशीन आणि पुढच्या खोलीत डीटीपीचं टेबल. लग्नपत्रिका, बिलबुकं, हळदीच्या अडत्यांच्या पट्ट्या, गणपतीच्या आधी मंडळांची पावतीपुस्तकं, असली कामं. मशीन मिस्टर बघतात, टेबल माझ्याकडे.

टेबलावरच्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ आहे, तेही ३२-बिट. चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. या विंडोजचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले हे मला माहीत आहे, त्यावरून कृपया कुणी झाडू नका. नेटचा वापर जेवढ्यास तेवढा ठेवून आजवर रेटलं. आता रेटवत नाही. क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, निम्म्या साइट नीट उघडत नाहीत. पार्टी मॅटर व्हॉट्सॲपवर टाकते, ते मी मोबाइलवर बघून पुन्हा टाइप करते. लग्नसराईत हे परवडत नाही.

गल्लीतला दुरुस्तीवाला म्हणतो, "वहिनी, विंडोज १० मारून देतो, तासाभराचं काम." दुसरा एक जण याच मशीनवर ११ टाकायला तयार आहे. भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो मामी, विंडोज सोड, फुकटचं लिनक्स टाक आणि मोकळी हो. तिघांनीही आत काय आहे ते विचारलं नाही.

आत पानं जुळवायचं पेजमेकर ७ आहे, डिझाइनसाठी जुनं कोरल ड्रॉ आहे आणि मराठी फॉन्टची श्रीलिपी आहे, तिचं यूएसबीचं लॉक (ते लावल्याशिवाय ती चालत नाही) मागच्या बाजूला कायम लावलेलं. सासऱ्यांच्या काळापासूनच्या सगळ्या फाइली याच फॉन्टमध्ये. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतले बटर (ज्यावरून प्लेट करतात ते अर्धपारदर्शक कागद), प्लेटा, नमुन्यांचे गठ्ठे सगळे गेले. कॉम्प्युटर आदल्या रात्री माडीवर नेला होता म्हणून वाचला. त्यामुळे या फाइली हीच आमची एकमेव प्रत. "मागच्याच वर्षीचं बिलबुक, फक्त मोबाइल नंबर बदला" म्हणणारी गिऱ्हाइकं आमच्याकडं निम्म्याहून जास्त, आणि त्यातच चार पैसे सुटतात, कारण टायपिंग नसतं.

आणखी एक म्हणजे सीझनला आमचे जुने ऑपरेटर काका येतात. ते टाइपरायटरवर शिकलेले, रेमिंग्टनच्या, म्हणजे टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर न बघता बोटं चालतात. त्यांना आता इनस्क्रिप्ट ही कळांची दुसरी मांडणी शिका म्हणायची माझी हिंमत नाही. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०, बटरवर उलटी प्रिंट काढायला.

तर काय टाकू? १०, ११, की लिनक्स? जुन्या फाइली उघडल्या पाहिजेत, एवढी अट धरून सांगा.

वारणाकाठ:

ताई, पहिलं सांगणं: कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका. आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या डिस्कवर घ्या, नुसत्या फाइली कॉपी करून भागायचं नाही. फॉन्ट, त्यांच्या सेटिंग, लॉकचा ड्रायव्हर, पेजमेकरचे प्लगइन हे सगळं सी ड्राइव्हमध्ये विखुरलेलं असतं.

विंडोज १० आता कशाला? त्याचेही नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि तीही २२एच२ या आवृत्तीवर असणाऱ्यांना. तेवढ्यासाठी सगळं हलवायचं आणि पुन्हा हलवायचं. शिवाय ७ च्या जुन्या कीवर १० चालू करून घ्यायची वाट मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. तुमचा दुरुस्तीवाला नेमकं काय मारून देणार ते त्याला विचारा.

११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तुमचं मशीन चौथ्या पिढीचं. तपासण्या चुकवून टाकता येतं, रूफस या विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवायच्या साधनात तशी सोय आहे, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरी खेळायला ठीक. धंद्याच्या टेबलावर मी टाकणार नाही. ४ जीबी रॅमवर तर बघायलाच नको.

मुक्तप्रवाह:

भाच्याचं बरोबर आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती या मशीनवर व्यवस्थित पळेल. हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क टाका, फरक तिथेच दिसतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. टाकायच्या आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालू करून बघता येतं, डिस्कला धक्का लागत नाही.

पेजमेकरच्या फाइली लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून ती सोय आहे. पानं जुळवायचं स्क्रायबसही त्या उघडतं. कोरलच्या फाइली इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. १०२० प्रिंटरला एचपीचं एचपीलिप हे ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर लागतं, सोबत त्यांचं प्लगइन उतरवून घ्यायचं, कारण हा प्रिंटर चालू झाला की त्याचं फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) दर वेळी कॉम्प्युटरकडून मागतो. एकदा बसलं की बसलं. आणि काकांसाठी लिनक्सवर टायपिंगच्या आयबसच्या एम१७एन मध्ये रेमिंग्टन मांडणी आहे.

चोरीची विंडोज वापरण्यापेक्षा हे शंभर पटीनं चांगलं.

जुना कंपोझिटर:

मुक्तप्रवाह, "उघडतात" आणि "छापता येतात" यात फरक आहे हो. मी आयुष्यभर हेच केलं, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

ताईंच्या फाइलीत मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरांचे आकडे आहेत आणि फॉन्ट त्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. अर्धा श, काना, वेलांटी, रफार सगळे सुटे तुकडे, शिशाच्या खिळ्यांसारखे एकापुढे एक लावलेले. फॉन्ट काढला की पत्रिकेच्या जागी इंग्रजी कचरा दिसतो. युनिकोड, म्हणजे आता मोबाइलपासून सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, तिचा हिशेब उलटा आहे. तिथे 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी पडते, कारण ती डावीकडे दिसते. रफाराचं तसंच: 'सूर्य' मध्ये युनिकोडला र आधी लागतो, जुन्या फॉन्टमध्ये रफार य च्या नंतर. म्हणून बदलून देणारं सॉफ्टवेअर वापरलं तरी जोडाक्षरं वाचून तपासावी लागतात. 'दऱ्या', 'सुऱ्या' मधला अर्धा र, 'ॲ', 'श्र' हे हटकून बघायचे. पत्रिकेत आडनाव चुकलं तर छपाईचे पैसे सोडा, वरून बोलणी खावी लागतात.

आता काकांची रेमिंग्टन. लिनक्सवर ती मिळते खरी, पण ती युनिकोड टाइप करते. पेजमेकर युनिकोडच्या आधीच्या जमान्यातला, त्याला त्यातलं काही कळत नाही. म्हणजे काका नव्या सिस्टिमवर नवी कामं करतील, जुन्या फाइलीत दुरुस्ती करायला जुनंच लागणार. एक मोबाइल नंबर बदलायला अख्खं बिलबुक नव्यानं बांधायचं का? रेघा, खाने, पावती क्रमांकाची जागा, सगळं मिलिमीटरमध्ये बसवलेलं असतं.

माझं मत: पेजमेकरला हात लावू नका. तो आहे तिथे राहू दे, फक्त त्याचं नेट तोडा.

पत्रिकावाली:

सगळ्यांचे आभार. इमेज घेतली, बाहेरची डिस्क माडीवर ठेवली आहे.

भाच्याकडून मिंटचा पेन ड्राइव्ह करून घेऊन चालू करून बघितलं. मशीन खरंच हलकं झाल्यासारखं वाटलं आणि प्रिंटरही चालला, याचं आश्चर्य वाटलं. एका अडत्याची पट्टी लिब्रेऑफिसमध्ये उघडली. फॉन्ट नव्हता तेव्हा कंपोझिटरकाका म्हणतात तसा कचरा. फॉन्ट टाकल्यावर अक्षरं जुळली, पण हमाली, तोलाई, अडत यांचे खाने सरकले आणि खालची बेरजेची चौकट पुढच्या पानावर गेली. नव्यानं बांधली असती तर लवकर झाली असती. लग्नपत्रिकेची फाइल बरी उघडली, पण कडेची वेलबुट्टी गायब.

लिनक्सला नावं ठेवत नाही. पण माझ्या कामाला ते पूर्ण पुरत नाही. फ्लेक्सवाले माझ्याकडून कोरलचीच फाइल मागतात.

मिरजेचा तंबोरा:

इंकस्केप कोरलची फाइल उघडतं पण त्या स्वरूपात सेव्ह करत नाही, त्यामुळे फ्लेक्सवाल्यांचा मुद्दा बरोबर. मात्र बरेच जण पीडीएफही घेतात, विचारून बघा.

एक वेगळा मार्ग. घेतलेली इमेज व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवता येते. मायक्रोसॉफ्टचंच डिस्क२व्हीएचडी नावाचं फुकट साधन चालू विंडोजची तशी प्रत काढतं, ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये जोडायची. म्हणजे नव्या सिस्टिमच्या आत एका खिडकीत तुमचं जुनं ७ जसंच्या तसं, पेजमेकरसकट. निळा पडदा आला तर व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये डिस्क साटाऐवजी आयडीई या जुन्या जोडणीनं जोडून बघा. यूएसबीचं लॉक त्या खिडकीला जोडता येतं. नेटवर्क कार्ड काढून टाकायचं, मग नेटवरून व्हायरस यायची भीती नाही. रॅम मात्र ८ जीबी तरी हवी, आणि बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू हवं.

कंपनीनं मशीनसोबत दिलेल्या विंडोजचा परवाना त्या मशीनलाच बांधलेला असतो, त्यामुळे प्रत चालू केल्यावर ती पुन्हा ॲक्टिव्हेशन मागेल. हे आधीच माहीत असू द्या.

वारणाकाठ:

तंबोरा, मार्ग चांगला आहे, पण लग्नसराईत खिडकीतल्या खिडकीत लॉक दिसेनासं झालं तर ताई कुणाला फोन करणार? प्रत राखीव म्हणून असू दे. रोजच्या कामाला माझा सल्ला साधा: जुनं मशीन तसंच ठेवा, नेटची वायर काढा, फक्त पेजमेकर. हार्ड डिस्क जुनी आहे, तिचा क्लोन एसएसडीवर करून घ्या, कारण पहिली तीच मरणार. शेजारी दुसरं मशीन घ्या. कंपन्यांनी काढलेले आठव्या-नवव्या पिढीचे डेस्कटॉप जुन्या बाजारात मिळतात, त्यावर ११ रीतसर चालतं. घेताना टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू करून दाखवायला सांगा, आणि विंडोज ॲक्टिव्ह आहे का ते सेटिंगमध्ये स्वतः बघा.

मुक्तप्रवाह:

मी हरलो असं समजू नका, पण खान्यांचं ऐकून पटलं. निदान नव्या मशीनवर नवी कामं युनिकोडमध्ये करा. नाहीतर वीस वर्षांनी तुमची मुलं हाच धागा काढतील. स्क्रायबस १.६ देवनागरी नीट जोडून दाखवतं, फुकट आहे, विंडोजवरही चालतं.

पत्रिकावाली:

मिस्टरांशी बोलले. जुनं मशीन तसंच ठेवून शेजारी दुसरं घ्यायचं, त्यावर ११. जुन्याचं नेट कायमचं बंद. नवी गिऱ्हाइकं आली की काम युनिकोडमध्ये, म्हणजे व्हॉट्सॲपचं मॅटर सरळ चिकटवता येईल. जुन्या फाइली सगळ्या बदलत बसणार नाही. ज्या पार्टीचं काम आलं, तिचीच फाइल वेळ असेल तर नव्यात बांधायची, नाहीतर पेजमेकरमध्ये नंबर बदलून मोकळं व्हायचं.

शेवटची शंका: दोन्ही मशीनमध्ये फाइल ने-आण कशी करायची? पेन ड्राइव्हनं व्हायरस येतील ना?

जुना कंपोझिटर:

जुन्याकडून नव्याकडे फक्त पीडीएफ जाऊ द्या. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवा, म्हणजे नव्या मशीनवर श्रीलिपी नसली तरी अक्षर हलत नाही. प्रिंटर नव्याला जोडा आणि बटर तिथूनच काढा. उलटी प्रिंट पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निघते का ते एका पानावर आधी बघा, नाहीतर पेजमेकरमध्येच मिरर करून पीडीएफ करा. दोन्हीकडे मिरर केलं तर सुलटं येईल.

वारणाकाठ:

पेन ड्राइव्ह एकच ठेवा, त्यावर खूण करा, आणि गिऱ्हाइकाचा ड्राइव्ह जुन्या मशीनला कधीच लावू नका. तो नव्याला लावायचा, तिथला अँटिव्हायरस बघून घेईल. जुन्या मशीनवर ऑटोरन, म्हणजे ड्राइव्ह लावताच त्यातलं आपोआप चालू होणं, बंद करा. दोन मशीन नेटवर्कनं जोडायच्या भानगडीत सध्या पडू नका, ७ वर आता कसलीच दुरुस्ती येत नाही.

आणि बाहेरच्या डिस्कची दुसरी प्रत गावाबाहेर, नातेवाइकाकडे ठेवा. माडीवर नको.

पत्रिकावाली:

बहीण विट्याला असते, तिच्याकडे देते. नवं मशीन बघायला या आठवड्यात मिस्टरांबरोबर जाते. टीपीएमचं ते पान कुठे उघडायचं, ते कुणीतरी सोप्या भाषेत लिहा, दुकानदारासमोर उभं राहून मला विचारता आलं पाहिजे.

वारणाकाठ:

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत टीपीएम, टिंब, एमएससी असं टाइप करून एंटर मारा. जी खिडकी येईल तिच्यात उजवीकडे खाली 'स्पेसिफिकेशन व्हर्जन' लिहिलेलं असतं. तिथे २.० दिसलं तर पुढचं बोला. १.२ दिसलं तर दुसरं मशीन दाखवा म्हणा. आणि टीपीएम सापडत नाही असा निरोप आला, तर आधी बायोसमध्ये चालू करून दाखवायला सांगा, काही वेळा ते नुसतं बंद ठेवलेलं असतं.