उत्तर: कॅनडाची सिटिझनशिप टेस्ट - बी.सी. (ब्रिटिश कोलंबिया) इतक्या लांबून आत आलंच कसं?

सोनाली:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात माझी टेस्ट आहे. २० प्रश्न, १५ बरोबर यायला हवेत. सोपी असते म्हणतात, पण सरकारी पुस्तिका उघडली की दोन पानांत डोळे मिटतात. कुठला प्रांत कॅनडात कधी आला तेच डोक्यात राहत नाही. १८६७ ला ऑन्टारिओ, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, इथपर्यंत ठीक, मग १८७० मॅनिटोबा आणि लगेच १८७१ ला एकदम पॅसिफिकच्या काठावरचं ब्रिटिश कोलंबिया? आणि मधले आल्बर्टा, सस्कॅचवान थेट १९०५ ला! कुणाकडे काही ट्रिक आहे का? आणि देशाचा प्रमुख नक्की कोण, राजा, गव्हर्नर जनरल की पंतप्रधान?

मकरंद काका:
सोनाली, ट्रिकबिक काही नाही, रेल्वे लक्षात ठेव, बाकीचं आपोआप येतं. मधली जमीन हडसन्स बे कंपनीची होती. हो, तीच, जिची दुकानं २०२५ ला बंद झाली. १६७० ला इंग्लंडच्या राजाने हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचं खोरं एका सनदेवर त्यांना देऊन टाकलं, तिथे राहणाऱ्यांना कोण विचारतो, आपल्याकडची ईस्ट इंडिया कंपनी आठव. १८७० ला कॅनडाने तो हक्क तीन लाख पौंडांना विकत घेतला. बी.सी.वाले म्हणाले, आम्ही येतो, पण दहा वर्षांत रेल्वे पाहिजे. लागली चौदा. ७ नोव्हेंबर १८८५ ला बी.सी.तल्या क्रेगेलाकीला रुळांचा शेवटचा खिळा ठोकला, सोन्याचा वगैरे नाही, साधा लोखंडी. मारणारे डोनाल्ड स्मिथ म्हणजे कंपनीतले बडे शेठ, त्यांच्या पहिल्या फटक्यातच खिळा वाकला, मग दुसरा आणावा लागला!! रेव्हलस्टोकहून पुढे जाताना हायवेलगतच आहे ती जागा. आम्ही थांबलो होतो, नेमकी मालगाडी आली, डबे मोजता मोजता बरोबरचे थेपले संपले पण गाडी काही संपेना.

संदीप:
मंडळी, याच थ्रेडवर विचारतो, सॉरी, गेल्या पॉटलकचं निळ्या झाकणाचं पातेलं कुणाकडे आहे? बायको रोज विचारतेय.

मीनल:
संदीप, पातेलं माझ्याकडे, शनिवारी आणते.
काका, गोष्ट छान, पण त्या खिळ्याचा प्रसिद्ध फोटो एकदा नीट बघा. बी.सी.तल्या डोंगरांत सुरुंग लावायला नि रूळ टाकायला सुमारे १५ हजार चिनी मजूर होते, शेकड्यांनी मेले, फोटोत एकही दिसत नाही. आणि काम उरकलं त्याच वर्षी चिनी माणसाला देशात यायला ५० डॉलर हेड टॅक्स लावला, १९०३ पर्यंत तो ५०० वर नेला. दुसरं, मॅनिटोबा प्रांत झालं ते पुढारी लुई रियेल आणि त्यांच्या मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाच्या) लोकांनी उठाव केला म्हणून. १८८५ ला सस्कॅचवानमध्ये पुन्हा उठाव झाला तेव्हा फौज याच अर्धवट रेल्वेने पाठवली, मधेमधे रूळ नव्हते तिथे सैनिक स्लेजवरून आणि चालत गेले. खिळा ठोकला ७ नोव्हेंबरला आणि रियेलला रेजायनात फाशी दिलं १६ नोव्हेंबरला. नऊ दिवसांत दोन्ही. सोनाली, तू १८८५ एवढं एकच साल पाठ केलंस तरी चालेल.

नितीन:
सोनालीचा दुसरा प्रश्न राहिलाच. राष्ट्रप्रमुख राजा, इथे त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल सही करणार, कारभार पंतप्रधानाचा. गंमत म्हणजे १८६७ च्या मूळ कायद्यात पंतप्रधान हे पदच नाही, नुसत्या प्रथेवर चाललंय. आपण मत देतो ते खासदाराला, कॉमन्समध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत, ३४३ जागा. सिनेटला आपल्या राज्यसभेसारखं समजू नकोस, तिथे निवडणूकच नाही, पंतप्रधान सुचवतात, गव्हर्नर जनरल नेमतात, मग वयाच्या ७५ पर्यंत खुर्ची पक्की. हॉस्पिटल, शाळा प्रांताकडे, म्हणून तर प्रांत बदलला की हेल्थ कार्ड नव्याने काढा. शाळेत नागरिकशास्त्रात वाचलेलं आठवतं का, प्रबळ केंद्र असलेलं संघराज्य आपण कॅनडाकडून घेतलं? मला तेव्हा पाच मार्कांच्या पलीकडे त्याचं काही वाटलं नव्हतं.

सुधीर (सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड):
सगळे पश्चिमेकडेच निघालात, जरा आमच्याकडेही बघा. भारत स्वतंत्र झाला तेव्हा न्यूफाउंडलंड कॅनडात नव्हतंच, आम्ही आलो ३१ मार्च १९४९ ला, तेही दोनदा मतदान घेऊन आणि जेमतेम ५२ टक्क्यांवर. घड्याळसुद्धा वेगळं, इतर प्रांतांपेक्षा अर्धा तास तिरकं. पण भारतही अर्ध्या तासावरच, त्यामुळे उन्हाळ्यात आमच्यात आणि पुण्यात बरोबर आठ तासांचा फरक पडतो, हिवाळ्यात नऊ. आई जूनमध्ये आली होती, मुक्काम संपेपर्यंत तिने हातातलं घड्याळ बदललं नाही, म्हणायची मिनिटकाटा बरोबरच आहे की, तास तेवढे मी मनात वजा करते.

सोनाली:
काका, तेवढं एकच सांगा, थेपले किती होते?