बॉबकॅटला आवाजाने बोलावून मारणं रास्त आहे का?

मेस्किट (टूसॉन, ॲरिझोना)

शिकार म्हटलं की आपल्या लोकांना हाका, मचाण आणि आमिष म्हणून बांधलेला गारा आठवतो. मी इथे गेली नऊ वर्षं करतोय ती शिकार वेगळी आहे. सशाच्या किंवा पाखराच्या किंकाळीचा आवाज लावायचा आणि बॉबकॅट, म्हणजे इथली रानमांजर, आपल्या पायांनी येते का, याची वाट बघायची. माझ्या मते ही पद्धत रास्त आहे, पण एका अटीवर: आधी माग काढलेला हवा. गाडी थांबवून कुठेही स्पीकर लावणाऱ्याला मी शिकारी मानत नाही.

सोनोरन वाळवंटातल्या कोरड्या ओढ्यांची वाळू नीट वाचता आली पाहिजे. बॉबकॅटचा ठसा गोल, साधारण पाच सेंटिमीटरचा असतो आणि नखं उमटत नाहीत. कोयोटीचा, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावराचा, लांबट, बहुधा नखांसकट. तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसले की मांजरच. विष्ठेच्या जागा ठरलेल्या असतात, तिथे माती ओरबाडलेली सापडते. ती ओढ्यात कुठून उतरते, कड्याकडे कुठून चढते, लावे पाण्यावर कुठे येतात, हे कळायला एकाच जागी चार-पाच खेपा होतात. तोवर बंदूक घरीच.

बसायचं ते मात्र दगडासारखं. कोयोटी आली तर बहुधा पंधरा-वीस मिनिटांत येते. बॉबकॅट पाऊण तासही लावते. दोन झुडपं पुढे येणार, बसणार, बघणार. आवाज थांबला की तिचं लक्ष उडतं, म्हणून तो चालूच ठेवतो. स्पीकर माझ्यापासून दूर, शेजारी काठीला एक पीस टांगलेलं, म्हणजे तिची नजर तिथे राहते. इतकं करूनही बहुतेक सकाळी मी रिकाम्या हाताने परततो.

तुमचं मत सांगा. विरोध असला तरी चालेल.

अंगणातली चिमणी (डॅलस)

माग काढण्याबद्दल इतकं छान लिहिलंत, म्हणूनच जास्त दुखलं. जिच्या चालण्याच्या वाटा तुम्हाला पाठ आहेत तिलाच मारायचं?

भुकेल्या जनावराला मरणाऱ्या सशाचा आवाज ऐकवून पुढ्यात आणायचं, यात रास्त काय आहे? बॉबकॅट खाण्यासाठी मारणारे विरळाच. मारतात ते कातड्यासाठी, त्यातही पोटावरच्या पांढऱ्या ठिपकेदार भागासाठी. तो दाट होतो थंडीत. पिल्लं बहुतेक वसंतात जन्मतात आणि पहिल्या थंडीतही आईबरोबर असतात. समोर झुडपात बसलेली नर आहे की मादी, हे शंभर पावलांवरून कसं ओळखता?

आमच्या टेक्ससमध्ये वर्षभर मुभा आहे, संख्येची मर्यादाही नाही. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये सापळे बंद केले आणि २०१९ च्या कायद्याने २०२० पासून शिकारही थांबवली. तिथे जमलं, तर इतरत्र का नाही?

डोंगरवाट (कोलोरॅडो)

चिमणीताई, तुमची कळकळ समजते, पण निर्णय संख्येवर व्हायला हवा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार अमेरिकेत साधारण २३ ते ३६ लाख बॉबकॅट आहेत. १९७७ पासून त्या साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कातड्याला टॅग लागतो. शिवाय १९३७ च्या कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, त्यातूनच अधिवास राखले जातात.

आमच्याकडे २०२४ मध्ये पुमा, बॉबकॅट आणि लिंक्सच्या शिकारीवर बंदी आणणारा प्रस्ताव १२७ मतदानाला आला आणि पडला. मी विरोधात मत दिलं, आजही देईन.

उसातली वाट (जुन्नर)

मी बॉबकॅट पाहिलेली नाही. पण आमच्याकडे ऊसतोडीच्या वेळी वाघाटीची, म्हणजे छोट्या रानमांजरीची, पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं आणि प्राणिमित्र ती त्याच जागी खोक्यात ठेवतात, लांब थांबतात, आणि रात्री आई एकेक उचलून नेते. हे ज्याने पाहिलं त्याला २३ लाखांचा आकडा पुरत नाही, डोंगरवाटदादा. संख्या भरपूर आहे म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरत नाही.

बोलावण्याची कला मात्र मला परकी नाही. फासेपारधी तित्तराचा आवाज हुबेहूब काढत, पाळलेला तित्तर ठेवून रानातला बोलवत. ते पोटासाठी होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते थांबलं आणि त्या माणसांच्या पोटाचं काय, हे फार कुणी विचारलं नाही. म्हणून मी शिकाऱ्याला सरसकट वाईट म्हणणार नाही.

मेस्किट, एकच विचारतो. पहिली मांजर दिसल्यावर तुम्ही काय करता?

मेस्किट

थांबतो. एका जानेवारीत एक बॉबकॅट पालो व्हर्देच्या झाडाखाली येऊन बसली. बोट बंदुकीच्या घोड्यावर होतं. तेवढ्यात तिच्या मागून दोन लहान डोकी वर आली. मी स्पीकर बंद केला. तिघी उठून ओढ्यापलीकडे जाईपर्यंत माझ्या हाताचा थरकाप गेला नव्हता. तेव्हापासून मांजर दिसली की दहा मिनिटं नुसता बघतो.

डोंगरवाट, तुमची साथ आहे, पण कराचा मुद्दा मला अपुरा वाटतो. पैसे भरल्याने गोळी रास्त होत नाही. आणि मारण्याच्या स्पर्धांना माझा कायम विरोध होता. ॲरिझोनाने २०१९ मध्ये त्या बंद केल्या, चांगलं झालं.

अंगणातली चिमणी

दहा मिनिटं थांबून कळतं ते सोबत आलेल्या पिल्लांचं. कड्यात ठेवून आलेल्यांचं काय?

मेस्किट

ते बसल्या जागी कळत नाही, मान्य. म्हणून तर माग काढण्यावर इतका अडून बसलोय. ऑक्टोबरपासून ओढे चालतो तेव्हा मोठ्या ठशाशेजारी लहान ठसे दिसले, तर तो ओढा हंगामभर सोडतो. गेल्या वर्षी सहापैकी तीन ओढे असे सुटले. ही माझी सवय आहे, नियम नाही. नियम झाला तर मी पाठिंबा देईन.

अंगणातली चिमणी

ते तीन ओढे सोडलेत, बरं केलंत. उरलेल्या तीन ओढ्यांबद्दल माझं म्हणणं तेच आहे.