ख्रिसमसच्या आगगाडीभोवती गाव वसवायचे आहे : घरे कोणती घ्यावीत?

रारिटनकाठी
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गेल्या ख्रिसमसला आठ वर्षांच्या मुलीसाठी लायोनेल कंपनीच्या खेळण्यातल्या आगगाडीचा ओ गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांतील अंतर) तयार संच घेतला. त्यातले रूळ जोडले की साधारण ४० इंच रुंद आणि ६० इंच लांब असा लंबगोल होतो आणि मधोमध झाड उभे राहते. गाडी पांढऱ्या चादरीवरून आठवडाभर फिरली. शेवटी मुलीने विचारले, "आई, ही थांबते कोणासाठी? इथे तर कोणीच राहत नाही." तेव्हापासून ठरवले आहे की यंदा पाच-सहा घरे, एक चर्च आणि एक स्टेशन असे छोटे गाव वसवायचे. दिव्यांसकट एकूण खर्च १५० डॉलरच्या आत ठेवायचा आहे. घरे चिनी मातीची घ्यावीत की प्लास्टिकची, आणि गाडीच्या मानाने ती किती मोठी असावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

हिमगाव
ताई, दुसरीकडे शोधूच नका, डिपार्टमेंट ५६ ची घरे घ्या. ही कंपनी आमच्या मिनेसोटातच सुरू झाली. त्यांचे स्नो व्हिलेज १९७६ साली अवघ्या सहा घरांनी सुरू झाले आणि जुन्या लंडनच्या धर्तीवरचे डिकन्स व्हिलेज १९८४ साली आले. माझ्याकडे आज ३४ घरे आहेत आणि प्रत्येक घर जानेवारीत आपापल्या मूळ खोक्यात परत जाते. मागच्या महिन्यात घेतलेली गिरणी ११० डॉलरला पडली, पण खिडकीतून बाहेर येणारा तो पिवळसर उजेड पाहिला की पैशांचे काही वाटत नाही. एकाच मालिकेतली घरे घ्या, म्हणजे गाव एका हाताने घडवल्यासारखे दिसते.

एकास_अठ्ठेचाळीस
आधी मापाचे बोलू, कारण तिथे चूक झाली की पुढे काहीच जुळत नाही. अमेरिकेत ओ स्केल म्हणजे १:४८, खऱ्या वस्तूचा अठ्ठेचाळिसावा भाग. सात फुटांचे दार या मापात पावणेदोन इंचांचे होते आणि पावणेसहा फुटांचा माणूस दीड इंचाहून किंचित कमी भरतो. मोजपट्टी घेऊन दुकानात जा आणि घराची उंची न मोजता दार मोजा. चिनी मातीच्या सजावटीच्या घरांचे छप्पर आणि धुराडे मोठे असते, पण दार बहुधा सव्वा इंचाच्या आतबाहेर असते. तुमच्या गाडीतला गार्ड त्या दारातून वाकूनही आत जाणार नाही. माझी सगळी घरे मेनार्ड्सची आहेत. ती जोडलेली आणि दिवे बसवलेली येतात. त्यांची दुकाने तुमच्याकडे नाहीत, इकडे मिडवेस्टमध्ये आहेत, त्यामुळे तुम्हाला घरपोच मागवावी लागतील.

कोथरूडचा_सिग्नल
मी पुण्याहून लिहितो आहे. येथील जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात मी लहानपणी इतक्या वेळा गेलो आहे की छंद तिथेच लागला असे म्हणायला हरकत नाही. माझे मत असे की ओ गेज सोडून एचओ या लहान मापाची गाडी घ्यावी. १:८७ माप, रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. तेवढ्याच जागेत तिप्पट गाव बसते आणि घरांचे प्रकारही भरपूर मिळतात. शिवाय माफ करा, पण ओ गेजचे मापच मुळात खरे नाही. रुळांतील अंतर सव्वा इंच. त्याला ४८ ने गुणले की पाच फूट होतात. अमेरिकेत खऱ्या रुळांतील अंतर चार फूट साडेआठ इंच असते.

एकास_अठ्ठेचाळीस
साडेतीन इंचांच्या त्या फरकाने डोळ्याला काही कळत नाही. सव्वा इंचाचे दार मात्र कळते. आणि त्यांनी गाडी बदलण्याविषयी विचारलेलेच नाही.

कोथरूडचा_सिग्नल
लायोनेलच्या रुळांत वीज देणारा मधला तिसरा रूळही खऱ्या रेल्वेत सहसा नसतो, तो तुमच्या डोळ्याला चालतो. मग दाराचाच एवढा आग्रह का, इतकेच मला विचारायचे आहे.

धुरांडे
माप काहीही ठेवा, आधी दिव्यांचे बघा. आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. जुन्या चिनी मातीच्या घरात मागच्या भोकातून साधा तापणारा बल्ब घालायचा असे, आणि बर्फ म्हणून आम्ही भोवती कापूस पिंजून ठेवला होता. रात्री जेवताना वास आला. उठून पाहिले तर चर्चच्या पाठीमागचा कापूस तपकिरी होऊन धुमसत होता. ज्वाला धरण्याआधी हाती लागला म्हणून निभावले. तेव्हापासून आमच्या घरात कापूस नाही आणि तापणारा बल्बही नाही. त्याच खोबणीत बसणारे एलईडी बल्ब मिळतात, ते घाला.
दुसरे, झाडावरची चकाकणारी धातूची झिरमिळी रुळांवर पडू देऊ नका. मधला रूळ आणि बाजूचा रूळ यांच्यावर तिची एक तार आडवी पडली की शॉर्ट होते आणि गाडी जागीच थांबते. आम्ही तासभर इंजिन उघडून बसलो होतो आणि दोष निघाला त्या एका तारेत.

शिकागोचा_पाहुणा
वर कोणी सांगितले की नाही ठाऊक नाही, पण मापाकडे लक्ष द्या, १:४८ च घ्या. मी तळघरात चार फूट बाय आठ फूट प्लायवुडवर गाव उभारले आहे. त्यात तीन रूळमार्ग, दोन पूल आणि बर्फावर घसरणारी मुले आहेत. शेजारी रांगेने पाहायला येतात. फक्त ऑनलाइन जुनी घरे घेऊ नका. मी एकाकडून सहा मागवली, त्यांतल्या दोघांची धुराडी फुटलेली आली आणि तिसऱ्याचे छप्पर आधीच कोणीतरी चिकटवलेले होते. पैसे परत मिळवायला फेब्रुवारी उजाडला.

बेथलेहेमची_वाट
मी पेनसिल्व्हेनियात बेथलेहेमजवळ राहते. १७४१ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी या गावाला हे नाव दिले. येशूजन्माचा देखावा मांडण्याच्या त्यांच्या चालीला इथे 'पुट्झ' म्हणतात. पुढे झाडाखालच्या पुठ्ठ्याच्या घरांनाही तेच नाव पडले. १९२० आणि ३० च्या दशकांत ही घरे जपानहून येत. पुठ्ठ्यावर रंग, त्यावर चमकी, खिडकीला रंगीत पारदर्शक कागद आणि पाठीमागे माळेतला एक दिवा घालायला भोक. तुमच्या लेकीला घेऊन एका रविवारी बसलात तर दहा डॉलरच्या पुठ्ठ्यात आणि रंगात सहा घरे होतील. मात्र आत एलईडीच हवा, वर सांगितलेच आहे.
आपण दिवाळीत किल्ला करायचो तेव्हा कुठे माप पाहायचो? मावळा दरवाज्यापेक्षा उंच असायचा, महाराज बुरुजाहून मोठे, आणि अळिवाची रोपे वडाच्या झाडाएवढी. कोणाचे काही अडले नाही.

एकास_अठ्ठेचाळीस
किल्ल्याचे उदाहरण मला मान्य आहे, मीही साताऱ्यात दगडमातीचे किल्ले केले आहेत. पण किल्ल्यावर सगळे स्थिर असते. इथे गाडी दर वीस सेकंदांनी त्याच घराच्या कुशीतून जाते आणि डोळा दर फेरीला डब्याची खिडकी आणि घराची खिडकी शेजारी शेजारी पाहतो. स्टेशनावर तर दोन्ही अगदी लगत असतात. म्हणून निदान रुळालगतच्या इमारती मापात असाव्यात आणि लहान मापाची घरे मागे, झाडाच्या बुंध्याकडे, थोड्या उंचीवर ठेवावीत. तिथे ती लहान न दिसता दूर दिसतात.
एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. तयार संचातली इंजिने आणि डबे पुष्कळदा खऱ्या १:४८ पेक्षा आखूड आणि बुटके केलेले असतात, म्हणजे ते घट्ट वळणावर फिरतील. त्यामुळे १:६४ च्या आसपासची घरेही तुमच्या गाडीशेजारी मला वाटले होते तितकी विजोड दिसणार नाहीत. बाकमन कंपनीच्या प्लास्टिकव्हिल मालिकेतली घरे त्या अंगाची आहेत, खटाखट जोडता येतात आणि खिशाला परवडतात.

हिमगाव
प्लास्टिकच्या भिंतीतून दिव्याचा उजेड आरपार दिसतो, सगळे घरच पेटल्यासारखे वाटते. चिनी मातीला ती अडचण नाही.

धुरांडे
प्लास्टिकच्या भिंतीला आतून काळा रंग द्यावा, मग उजेड खिडकीतूनच येतो. आम्ही तसेच केले आहे. लेमॅक्सची घरेही पाहा, त्यांच्या बऱ्याच घरांना साडेचार व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि एकाच अडॅप्टरवर अनेक घरे चालतात, त्यामुळे झाडामागे वायरींचे जंजाळ होत नाही.

रारिटनकाठी
सर्वांचे आभार. एक शंका राहिली. घर रुळापासून किती लांब ठेवावे? गेल्या वर्षी प्रवासी डबा वळणावर भेटवस्तूच्या खोक्याला घासत होता, सरळ भागात मात्र घासत नव्हता.

एकास_अठ्ठेचाळीस
हे अंतर पुस्तकात पाहू नका, स्वतःच्या गाडीवरून काढा. वळणाखाली वर्तमानपत्र पसरा. सर्वांत लांब डब्याच्या मधोमध, वळणाच्या आतल्या बाजूला, एक पेन्सिल चिकटपट्टीने उभी बांधा, टोक कागदाला टेकेल अशी. डबा हाताने अगदी सावकाश ढकला. लांब डब्याचे पोट वळणात आत झुकते, ती रेघ कागदावर उमटेल. मग दुसरी पेन्सिल इंजिनाच्या पुढच्या बाहेरील कोपऱ्याला बांधा, कारण इंजिनाचे नाक बाहेर जाते. त्या दोन रेघांपलीकडे अर्धा इंच सोडून घर ठेवा. कागदाची रेघ चादरीवर दोऱ्याने टाचून घेतली तर पुढच्या वर्षी मोजावे लागत नाही.

शिकागोचा_पाहुणा
मीही हेच सुचवणार होतो. आणि सुट्या कणांचा बर्फ टाकू नका, तो इंजिनाच्या तेलकट दात्यांत जाऊन बसतो. पांढरा जाड फेल्ट अंथरा.

रारिटनकाठी
आज निर्णय झाला, आणि तो आपल्यापैकी बहुतेकांच्या सल्ल्याविरुद्ध गेला आहे, म्हणून कारण सविस्तर लिहिते.
आमच्या समोरच्या घरातल्या वृद्ध बाई मुलीकडे राहायला जात आहेत. त्यांनी शनिवारी गॅरेजमध्ये सामान विकायला मांडले होते. त्यात त्यांची चिनी मातीची पाच घरे होती. माझी मुलगी तीन वर्षांची असल्यापासून दर डिसेंबरला ती त्यांच्या खिडकीत पाहत आली आहे. कोणते बेकरीचे, कोणते डॉक्टरांचे, हे तिने मनाशी ठरवलेले आहे आणि बाईंना ते ऐकून हसू आवरेना. मी मोजपट्टी नेली होती. दार सव्वा इंचाहून जरा कमी भरले. बेकरीच्या धुराड्याचा टवका उडालेला आहे. पाचही घरे मिळून ६० डॉलरला मिळाली. वायरी जुन्या होत्या, त्या टाकून नव्या वायरी आणि एलईडी बल्ब घेतले, त्यांचे ३८ डॉलर झाले. बेकरी झाडाच्या बुंध्याशी, पुस्तकांवर चादर टाकून केलेल्या टेकडीवर ठेवली आहे आणि टवका भिंतीकडे वळवला आहे. रुळालगत काहीच ठेवलेले नाही. चर्च पुठ्ठ्याचे करायचे मुलीने ठरवले आहे, खिडक्यांना चॉकलेटचे लाल कागद जपून ठेवले आहेत. पेन्सिलीचा प्रयोग काल रात्री केला. आतली रेघ माझ्या अंदाजापेक्षा बोटभर जास्त आत गेली, त्यामुळे डॉक्टरांचे घर मागे सरकवावे लागले.

हिमगाव
टवका उडालेल्या घरांना संग्राहकांकडे किंमत राहत नाही, हे माहीत असावे. पण घरे जुन्या स्नो व्हिलेजमधली असतील तर तळावर बहुधा वर्ष असते, पाहून कळवा.

एकास_अठ्ठेचाळीस
स्टेशन तरी १:४८ चे घ्या. एवढे माझे ऐका.

रारिटनकाठी
वर्ष पुसट आहे, उजेडात पुन्हा पाहते. स्टेशनासाठी रुळालगतची जागा मोकळी ठेवली आहे आणि ५२ डॉलर शिल्लक आहेत. आपल्या पाहण्यात त्या किमतीत पावणेदोन इंच दाराचे स्टेशन असेल तर कृपया सांगावे.