आबा गेल्यापासून घोडी चारा खाईना

प्रश्न: आमच्या आबांचा रंकाळ्यावर टांगा होता. बारा दिवसांपूर्वी आबा गेले. तुळसा, आमची घोडी, 14 वर्षांची. सांज झाली की दाराकडं तोंड करून कान टवकारते. कालपासून लसूणघासाला तोंडच लावंना. तिला कळलं असंल का हो?

उत्तर १: ताई, आधी डॉक्टर बोलवा, आजच. घोड्याला उलटी होत नाही, पोटशूळ जिवावर बेततो. जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेवून ठोके मोजा. उभ्या घोड्याचे मिनिटाला 28 ते 44 असतात. लीद पडते का?

उत्तर २: कळतं हो. कळपातलं जनावर ते, आबा तिचा कळपच होता. आबांचा न धुतलेला पटका असंल तर तिला हुंगू द्या. समोर एकदम जाऊ नका, खांद्याजवळ उभं राहून बोला.

ताई: डॉक्टर आले, पोट ठीक आहे, ठोके 38. पटका नाकाशी धरला तर तिनं तोंड खुपसलं, लांब श्वास घेतला आणि डोकं माझ्या छातीवर टेकवलं. मी रडले. मग माझ्या ओंजळीतनं तिनं चार घास खाल्ले. उद्या आबांच्या वेळेला मीच खरारा करणार.